पिन काढली, हमिंग गेली

स्पीकर चालू आहे, गाणं थांबलं आहे आणि जाळीमागून एक बारीक ‘घूंऽऽ’ येत राहतं. ही तक्रार घेऊन माणूस आधी दुकानात जातो. तिथे त्याला फिल्टर, स्टॅबिलायझर, सोन्याचा मुलामा दिलेली केबल, नाहीतर सरळ नवा अ‍ॅम्प्लिफायर दाखवतात. आणखी एक सल्ला असतो, तो फुकट मिळतो: तीन पिनांच्या प्लगातली वरची जाड पिन काढून टाका. त्याने बऱ्याचदा आवाज खरंच कमी होतो, आणि म्हणूनच मला तो सगळ्यांत घातक वाटतो.

पुढचा संवाद झरी जामणीतल्या दोघांचा. एक निवृत्त गुरुजी, जुन्या शास्त्रीय ध्वनिमुद्रणांचे जाणकार, स्वतः रियाज करणारे. दुसरा घरगुती वायरिंगची कामं करणारा वायरमन, वयाने त्यांच्या मुलाएवढा. दोघंही मी या लेखासाठी उभी केलेली माणसं आहेत. त्यांचा वाद मात्र कुणाच्याही घरात होऊ शकेल असा आहे, आणि त्यात मी तटस्थ नाही.

गुरुजी : ये, बस. पंखा बंद करतो. आता ऐक.

वायरमन : हाय जी, हमिंग हाय. पण बारीक हाय. गाणं लावलं का कोणाले ऐकू येते ते?

गुरुजी : मला येतं. गाणं चालू असताना जास्तच येतं. तुला सांगतो कसं. काळी एक धरली, तर षड्ज साधारण १३८.६ हर्ट्‌झचा. तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचमाची, म्हणजे त्याच्या पाऊणपट, १०४. आणि ही तुझी हमिंग शंभराची. दोन्हींत चारांचा फरक. तार छेडली की सेकंदाला चार हेलकावे येतात. सूर स्थिर राहतच नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, तानपुरा नीट जुळवला नव्हता!

वायरमन : लाइन तं पन्नासची असते ना जी. शंभर कुठून आणले तुम्ही?

गुरुजी : ते तूच सांग, तुझा धंदा आहे.

वायरमन : (हसून) सांगतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत ट्रान्स्फॉर्मर, त्याच्यामागं ब्रिज रेक्टिफायर. तो लाइनच्या लाटेचे दोन्ही अर्धे भाग एकाच बाजूले वळवते. म्हणून सेकंदाले पन्नासच्या जागी शंभर उंचवटे होतात. कपॅसिटरनं ते भरून काढायचे असतात. कपॅसिटर थकला का शंभराची हमिंग. आन पन्नासची आली तं ते बहुतेक बाहेरून आली समजा, केबलमधून नाईतर अर्थिंगमधून.

ही फोड खरी आहे आणि कामाची आहे, पण कानाने ती करायची तर एक अडचण असते. पन्नासचा शुद्ध सूर लहान स्पीकरला नीट काढताच येत नाही, आणि हळू आवाजात इतका खोल सूर आपल्या कानालाही फार कमी लागतो. घरात जे ‘पन्नासचं’ ऐकू येतं, ते पुष्कळदा त्याच्या पटीतलं शंभर, दीडशे, दोनशे असतं. मऊ, गोल ‘घूं’ असेल तर पन्नास-शंभरावर संशय घ्यावा. चरचरीत, कडा असलेला आवाज असेल तर मोबाइलचा चार्जर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर किंवा पंख्याचा फिरता इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तपासावा. ‘स्स्स’ असा वाऱ्यासारखा आवाज तिसराच. तो कुठल्याही इलेक्ट्रॉनिक मंडलात थोडा राहणारच, त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

गुरुजी : मी तर रियाजाला षड्जच खाली आणून पाहिला. १३३ वर. मग पंचम बरोबर शंभरावर येतो.

वायरमन : म्हणजे महावितरणच्या सुरात गायले!

गुरुजी : थट्टा करू नकोस. जमलं होतं, पण ते माझ्या गळ्यापुरतं. ध्वनिमुद्रणातल्या गायकाला कसा खाली आणू? आणि लाइनचा सूरही एका जागी राहत नाही, किंचित वरखाली होतोच.

गुरुजींचं निरीक्षण बरोबर आहे. आपल्याकडे ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते आणि भार चढला-उतरला की ती हलते. हा सूर गावाच्या हातात नसतो. झरी जामणी तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा, पलीकडे आदिलाबाद. डिसेंबर २०१३ पर्यंत नदीच्या दोन काठांवरची हमिंग एकच नव्हती. महाराष्ट्र पश्चिमेच्या जाळ्यात होता, तेव्हाचा आंध्र दक्षिणेच्या, आणि दोन्ही जाळी आपापल्या तालावर चालत. वीज इकडून तिकडे द्यायची तर भद्रावतीला तिचं आधी डीसी करून मग पलीकडच्या तालात पुन्हा एसी करावं लागे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळं उर्वरित देशाशी एकतालात आलं. तेव्हापासून नदीअलीकडच्या मुकुटबनच्या आणि पलीकडच्या आदिलाबादच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला ‘घूं’ एकाच सुराचा आहे. तो सूर बदलता येत नाही. तो आत कुठून शिरतो, एवढंच शोधणं आपल्या हातात असतं.

वायरमन : बरं, प्लग काढा. कनेक्शन पाहू द्या. ... गुरुजी, याची वरची पिन कुठं गेली?

गुरुजी : काढली. एका मेकॅनिकने सांगितलं होतं. आधी हमिंग याच्या दुप्पट होती. पिन काढली, अर्ध्यावर आली.

वायरमन : आन अ‍ॅम्प्लिफायरले हात लावला का झिणझिण्या येतात?

गुरुजी : येतात जरा. अनवाणी असलो की जास्त. पण गंमत म्हणजे हात लावला की हमिंग कमी होते.

वायरमन : ते गंमत नाई जी. तुम्हीच अर्थिंग होऊन रायले.

इथे थोडं थांबायला हवं. प्लगातली वरची पिन बाकी दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की प्लग खोचताना ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी. उपकरणाच्या आत फेजची तार सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर करंट या पिनेतून जमिनीत जावा, फ्यूज उडावा आणि माणूस वाचावा, हे तिचं काम. ती काढली तरी गाणं वाजतं, दिवा लागतो, काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. आतली तार सुटेल त्या दिवशी मात्र पेटीवर पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात.

मग पिन काढल्यावर आवाज कमी का होतो? गुरुजींच्या घरी गाणी कॉम्प्युटरवरून वाजतात. कॉम्प्युटरला त्याची अर्थ पिन, अ‍ॅम्प्लिफायरला त्याची, आणि दोघांना जोडणाऱ्या ऑडिओ केबलची बाहेरची जाळी हा तिसरा दुवा. असं एक बंद रिंगण तयार होतं. घरातल्या इतर उपकरणांचा थोडाथोडा गळता करंट या रिंगणात फिरतो, केबलच्या जाळीतून जाताना मिलिव्होल्टच्या हिशेबाचा दाब सोडतो, आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याला गाणं समजून मोठा करतो. पिन काढली की रिंगण तुटतं. निदान बरोबरच असतं, रिंगण तोडण्याची जागा चुकलेली असते. ते केबलमध्ये तोडता येतं, सुरक्षेच्या तारेत तोडायचं नसतं.

वायरमन : पिन पहिले लावा. आवाज मग पाहू. आवाज राहू द्या जी, जीव महत्त्वाचा हाय.

गुरुजी : हे मला पटतं. पण तुझ्या लोकांचं मला काय पटत नाही, तेही ऐक. हे वायरिंग कुणी केलं? वायरमननेच ना? टेस्टर लावला, टेस्टरमधला दिवा लागला, पैसे घेतले, गेला. टेस्टर फेज दाखवतो. अर्थ आहे की नाही हे तो सांगतो का?

वायरमन : नाई सांगत.

गुरुजी : मग इतकी वर्षं या घरात अर्थिंग आहे की नाही, हे कुणी तपासलं? फ्रीज लागतो, पंखा फिरतो, सगळं ‘चालते’. ‘चालते’ म्हटलं की तुमचं काम संपलं. मला हमिंग खुपली नसती, तर आज तू हा प्लग हातात घेतला असतास का?

वायरमन : खरं हाय तुमचं. पण घरमालकाचंही ऐका. खड्ड्याचे, पाइपाचे, कोळशाचे पैसे सांगितले का म्हणते, दिवा लागते ना, मंग कायले पाहिजे? हिरवी वायर बोर्डापर्यंत आणतो आम्ही, पुढं ते कुठं जोडली हाय हे कोणी विचारत नाई.

या जागी मी गुरुजींच्या बाजूचा आहे. बारीकसारीक आवाजाने अस्वस्थ होणाऱ्या माणसाला आपण चोखंदळ म्हणून बाजूला सारतो. पण ज्या घराची विजेची तपासणी मीटर बसवला त्या दिवसानंतर कधी झालेली नाही, तिथे त्या माणसाचा कान हीच एक तपासणी उरते. वायरमनचा निऑन टेस्टर जे सांगू शकला नाही, ते अ‍ॅम्प्लिफायरने रोज संध्याकाळी सांगितलं.

वायरमनने मल्टिमीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास. फेज आणि अर्थमध्येही तेवढेच यायला हवे होते, आले निम्म्याच्या जवळपास. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट अपेक्षित, तिथेही शंभराच्या पुढे. म्हणजे घरातल्या सगळ्या अर्थ पिना एकमेकींना जोडलेल्या होत्या आणि जमिनीला कुणीच नव्हती. कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून पेटीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. खरा अर्थ नसला की ते पेटीला अर्ध्या व्होल्टेजवर नेऊन ठेवतात. करंट थोडा असतो, झिणझिण्यांपुरता. ऑडिओ केबलमधून तो अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीपर्यंत पोचतो, म्हणून गुरुजींनी हात लावला की हमिंग उतरत होती.

परसात पाहिलं तर जीआय पाइप होता, तारही होती. नट गंजून तार पाइपापासून सुटलेली. आणि पाइपाभोवती बोटं आत जातील एवढी भेग. ही काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते, तेव्हा ओलीगच्च असते आणि अर्थिंगला तिच्यासारखी माती नाही. उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते आणि पाइपाला सोडून मागे सरकते. या भागात अर्थिंगचा खड्डा करून विसरून चालत नाही.

गुरुजी : मग उपाय?

वायरमन : नवा खड्डा. भिंतीपासून दीड मीटर तरी दूर. अडीच मीटरचा चाळीस एमएमचा जीआय पाइप, कोळसा आन मीठ थरावर थर, वर फनेल. उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जायचं. आन मेनबोर्डात तीस मिलिअँपचा आरसीसीबी, करंट गळला का लाइन तोडणारा.

गुरुजी : आणि तोवर? एकाने सुचवलं होतं, सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनेला जोडून दे.

वायरमन : नाई जी! ते कधीच करू नका. पोलवर नाईतर मीटरपाशी न्यूट्रल तुटला, तं घरातल्या सगळ्या पेट्यांवर फेज येते. फ्रीजच्या दारावर, मिक्सरवर, कूलरवर. कूलरमध्ये तं पाणी असते.

हा जुगाड सर्रास होतो, मीटरवर आकडेही छान दिसतात. अर्थ नसण्यापेक्षाही तो वाईट, कारण सगळं ठीक असल्याचा भास तयार करतो.

खड्डा झाला. झिणझिण्या गेल्या, हमिंग पुष्कळ उतरली. अ‍ॅम्प्लिफायरला नवा तीन पिनांचा प्लग लावला, तेव्हा ती पुन्हा थोडी वर आली. गुरुजींचा चेहरा पडला. रिंगण परत जुळलं होतं ना. पण आता ते शोधणं सुरक्षित होतं, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

वायरमन : आता व्हॉल्यूम कमी-जास्त करा. हमिंग बदलते का?

गुरुजी : बदलते. शून्यावर नेला की जवळजवळ जाते.

वायरमन : म्हणजे ते व्हॉल्यूमच्या आधीच आत येते. केबल नाईतर कॉम्प्युटर. व्हॉल्यूमनं फरकच पडला नसता तं अ‍ॅम्प्लिफायर उघडावा लागला असता. आता मागची इनपुट केबल काढा.

गुरुजी : गेली.

वायरमन : लावा परत. आता कॉम्प्युटरले येणारी डिशची केबल काढा, ते टीव्ही कार्डवाली.

गुरुजी : ... अर्ध्याहून जास्त गेली! डिशचा काय संबंध?

वायरमन : डिश छतावर लोखंडी अँगलवर हाय. तो अँगल स्लॅबच्या सळईले वेल्ड केला हाय. केबलच्या जाळीतून दुसरी अर्थिंग आली घरात. दोन अर्थिंग म्हणजे रिंगण.

उरलेला भाग एका साध्या बदलाने गेला. कॉम्प्युटर या भिंतीच्या सॉकेटवर आणि अ‍ॅम्प्लिफायर त्या भिंतीच्या, असं होतं. दोन्ही एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घेतले, की दोघांच्या अर्थमधलं अंतर वीतभर राहतं आणि रिंगणात फिरायला दाबच उरत नाही. लॅपटॉप असेल तर आणखी सोपी परीक्षा: चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. एवढं करूनही आवाज राहिला, तर ऑडिओ केबलमध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर घालावा. त्यातून गाणं चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातं आणि जाळीचा धागा तुटतो. पिन काढून जे साधायचं होतं ते इथे होतं, माणसाच्या जिवाला हात न लावता.

केबल कुठून नेली आहे हेही पाहायला हवं. फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर गुंडाळून ठेवलेली ऑडिओ केबल त्याच्या ट्रान्स्फॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थेट उचलते. विजेची आणि आवाजाची तार एकमेकींना समांतर नेऊ नये, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. हा प्रश्न टेलिफोनइतका जुना आहे. ग्रॅहम बेलने १८८१ मध्येच दोन तारा एकमेकींत पिळून नेण्याचं पेटंट घेतलं, ते शेजारच्या तारांचा त्रास टाळण्यासाठी. पिळलेल्या दोन्ही तारांत बाहेरचा आवाज सारखाच शिरतो आणि दुसऱ्या टोकाला वजा होतो.

चरचर कुठून येते ते शोधायला गुरुजींनी स्वतःचीच युक्ती काढली, मला ती फार आवडली. सेलवरचा जुना ट्रान्झिस्टर घ्यायचा, मीडियम वेव्हवर आकाशवाणी नागपूरच्या ५८५ च्या थोडं बाजूला, स्टेशन नसलेल्या जागी लावायचा आणि घरभर फिरवायचा. ज्या दिव्याजवळ, चार्जरजवळ, रेग्युलेटरजवळ तो ओरडतो, तो गुन्हेगार. त्यांच्याकडे ओसरीवरचा एक एलईडी दिवा आणि पंख्याचा फिरता रेग्युलेटर सापडला. रेग्युलेटर बदलून ठरावीक टप्प्यांचा, कपॅसिटरवाला बसवला.

वायरमन : आता झालं जी? खुर्चीवर बसून काईच ऐकू येत नाई.

गुरुजी : जाळीला कान लाव.

वायरमन : कान कायले लावू? तुम्ही कान लावून गाणं ऐकता का?

गुरुजी : लाव तर. शंभर आहे की नाही?

वायरमन : ... हाय. लय बारीक. व्हॉल्यूमनं बदलत नाई. आतला फिल्टर कपॅसिटर असंल.

गुरुजी : मग तो बदल.

वायरमन : गुरुजी, एवढ्या आवाजाले फॉल्ट म्हणत नाई. कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरले जाळीपाशी थोडा राहतेच. उगाच उघडलं तं दुसरं काही निघते.

इथे दोघांचं एकमत झालं नाही, आणि मलाही निकाल देता येत नाही. बसायच्या जागेवरून ऐकू येत नसेल तर थांबावं, ही वायरमनची रेघ शहाणपणाची आहे. नाहीतर शांततेचा पाठलाग संपतच नाही. पण गुरुजींकडेही कारण आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने आतून सुकतो. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य अर्ध्यावर येतं. मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीसच्या घरात असतं, तिथे बंद पेटीच्या आत ट्रान्स्फॉर्मरशेजारी किती असेल? आज कान लावून ऐकू येणारा शंभराचा सूर पुढच्या उन्हाळ्यात खुर्चीपर्यंत येईल. हौशीने पेटी स्वतः उघडायची असेल तर एवढं लक्षात ठेवावं: प्लग काढल्यावरही हे कपॅसिटर भरलेले राहतात. मीटरने पाहून, रेझिस्टर लावून ते रिकामे केल्याशिवाय बोट घालू नये.

वायरमन : ठीक हाय, बदलू. वणीहून आणावा लागंल. पण तुमच्या शेजारचं वायरिंग कोणं केलं माहीत हाय? त्याच माणसानं, तुमच्याच वर्षी.

गुरुजी : त्यांच्याकडे स्पीकर नाही.

वायरमन : म्हणून तं म्हणतो. हमिंग नाई, तं त्यांले कसं कळंल? वॉशिंग मशीन हाय, परसात, ओल्या फरशीवर. पहिले तिकडं मीटर लावून पाहतो, मंग वणीले जातो.

गुरुजी : चल, मीही येतो, ते मला ओळखतात. तू नुसतं सांगितलंस तर म्हणतील, चालतंय की. आणि कपॅसिटर १०५ डिग्रीचा आण. ८५ चा इथे टिकत नाही.